बंब विकला, त्याची गोष्ट

गेल्या पंधरवड्यात भाच्याने मिनेसोटाहून एक फोटो पाठवला. बर्फाने भरलेलं आंगण, घरापासून वीस-पंचवीस पावलांवर पत्र्याच्या खोलीसारखं काहीतरी, त्यावर बुटकी चिमणी आणि चिमणीतून निघणारा दाट पांढरा धूर. खाली एकच ओळ, "मामा, शेजाऱ्यांचा बंब!"

झालं. तासाभरात घरच्या ग्रुपवर सगळे जागे झाले. कोणाला दिवाळीची पहिली आंघोळ आठवली, कोणाला बंबाखाली भाजलेले बटाटे. मग दादाने विचारलं, "आपला बंब नीट ठेवलाय ना रे? मला तो पुण्याला न्यायचाय. आत दिवा बसवून हॉलमध्ये ठेवू."

तर मंडळी, उत्तर द्यायला मी तीन दिवस घेतले, कारण बंब विकला होता. आईच्या सांगण्यावरून विकला होता, तरी मोडवाल्याच्या गाडीवर तो चढवला मीच. त्यानंतर ग्रुपवर जे काही झालं ते घरच्यांना ठाऊक आहे, बाकीच्यांना सांगण्यासारखं नाही. दोन ओळींत खुलासा होईना म्हणून हे सविस्तर लिहितोय. ब्लॉगवाल्या मित्रांनी आमच्या घरच्या भांडणाकडे दुर्लक्ष करून बंबाची गोष्ट तेवढी घ्यावी.

ज्यांनी बंब पाहिला नाही (आता असेही वाचक असतील) त्यांच्यासाठी आधी त्याची रचना. तांब्याचं एक उभं, पोट सुटलेलं भांडं. त्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत आरपार गेलेला नळा. नळ्याच्या तळाशी जाळी, जाळीखाली राख पडायला जागा, आणि सगळं तीन पायांवर उभं. नळ्यात वरून ढलप्या आणि काटक्या टाकायच्या. जाळ नळ्यात, पाणी नळ्याभोवती. चुलीवर तपेलं ठेवलं तर जाळ फक्त बुडाला लागतो आणि बाकीचा चहूबाजूंनी निघून जातो. इथे जाळच पाण्याच्या पोटात. शिवाय नळा उभा असल्याने तोच चिमणीचं काम करतो, खालून हवा ओढतो. एकदा पेट घेतला की फुंकणीची गरज नाही.

काही बंबांना खाली तोटी असते. आमच्या बंबाची तऱ्हा वेगळी होती. एका बाजूला नरसाळं, त्याची नळी आतून थेट तळापर्यंत गेलेली. दुसऱ्या बाजूला वर चोच. नरसाळ्यात तांब्याभर थंड पाणी ओतलं की चोचीतून तांब्याभर कढत पाणी बादलीत पडायचं. थंड पाणी जड म्हणून तळाशी राहतं आणि वरचं गरम पाणी ढकलून देतं, हे शाळेत पुढे शिकलो. लहानपणी तो बंबाचा स्वभाव वाटायचा. जेवढं द्याल तेवढंच मिळेल, आणि बंब कधी रिकामा होणार नाही. यात शहाणपण होतं, कारण पाणी नसताना जाळ लागला तर सांध्यांचे डाग वितळतात आणि बंब कामातून जातो.

बंब हा शब्दही दूरचा प्रवासी आहे. पोर्तुगीजांचा 'बोंबा' म्हणजे पाण्याचा पंप. त्यावरून आपल्याकडे आगीचा बंब आला आणि पाण्याशी नातं असलेलं हे भांडंही त्याच नावाने ओळखलं जाऊ लागलं. मधोमध नळा आणि भोवती पाणी ही युक्ती मात्र एका देशाची नाही. रशियातला समोवार असाच असतो. तुला गावात १७७८ मध्ये लिसित्सिन भावांनी समोवारचा कारखाना काढल्याची नोंद आहे. काश्मिरातही समोवार आहे, पण त्यात चहा. आम्ही मराठी माणसांनी ती युक्ती आंघोळीला लावली, यावर काय बोलावं!

आम्हा यवतमाळच्या पोरांना याच जातीचं आणखी एक यंत्र रोज दिसायचं, शकुंतलेचं इंजिन. मुर्तिजापूर ते यवतमाळ ही सुमारे ११३ किलोमीटरची अडीच फुटी लाईन किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाकली, इथला कापूस बाहेर नेण्यासाठी. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन तिच्यावर १९९४ पर्यंत धावत होतं. मग डिझेल आलं आणि पुढे गाडीच बंद पडली. आबा आम्हाला स्टेशनवर नेऊन सांगायचे, "हा आडवा पाडलेला बंब आहे. आपल्याकडे एक नळा, याच्या पोटात पुष्कळ. आपण पाणी गरम होताच थांबतो, हे लोक वाफ होईपर्यंत थांबत नाहीत." वाफेच्या इंजिनाचा याहून सोपा धडा मला पुढे कोणी दिला नाही.

बंब घडवायचे तांबट. पुण्याच्या तांबट आळीतले कारागीर पेशवाईत कोकणातून येऊन स्थिरावले आणि ठोक्याचे बंब ही त्यांची खास ओळख झाली. आमच्या विदर्भात भांड्यांसाठी नाव भंडाऱ्याचं, पण ते प्रामुख्याने पितळेसाठी. आमचा बंब नेमका कुठला हे आता सांगता येत नाही. पणजीच्या काळात तो घरात आला आणि त्याच्या अंगावर हातोडीच्या ठोक्यांचे खवल्यांसारखे ठसे होते, एवढं खरं. दिवाळीच्या आधी चिंच आणि राख लावून तो घासायचा, नरक चतुर्दशीला त्याच्या गळ्यात झेंडूची माळ घालायची, कुंकवाची पाच बोटं ओढायची. आंगणातला तो घरचाच माणूस होता म्हणा ना.

इथपर्यंतची गोष्ट दादाची, माझी आणि भाच्याची एकच आहे. पुढची वेगळी आहे.

बंब विकण्याआधी माळा साफ करताना आबांच्या घरखर्चाच्या वह्या सापडल्या. आबा जिनिंगमध्ये कारकून होते, पैशापैशाचा हिशेब लिहायचे. त्या वह्यांत तेल, मीठ, शाळेची फी यांच्याबरोबर एक नोंद सारखी येते, 'मोळी'. कुठे 'मोळी, धावडा'. कुठे 'मोळी, मिसळ'. आणि बऱ्याच ठिकाणी, विशेषतः श्रावण-भाद्रपदात, 'मोळी, ओली, कमी दिले'.

ते 'कमी दिले' वाचून मी जरा थांबलो. मग बसून हिशेब केला. आमच्या बंबात चाळीस लिटर पाणी मावायचं. चाळीस लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ६,७०० किलोज्यूल उष्णता लागते. किलोभर सुक्या लाकडात साधारण १५,००० किलोज्यूल असते, म्हणजे सगळी उष्णता पाण्यात उतरली तर अर्धा किलो लाकूड पुरावं. पण निम्म्याहून जास्त नळ्यातून वर निघून जाते असं धरलं की सव्वा ते दीड किलो. घरात नऊ माणसं, म्हणजे सकाळी तीनदा तरी बंबभर पाणी. दिवसाला चार-साडेचार किलो. उन्हाळा सोडला तर वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे तेरा क्विंटलच्या आसपास. डोक्यावरची मोळी वीस-बावीस किलोची धरा. आमच्या एका घराच्या आंघोळीसाठी वर्षाला साठेक मोळ्या! चुलीचं सरपण वेगळंच.

यातलं बरंचसं आमच्या शेतातल्या पऱ्हाट्या आणि तुराट्या भागवायच्या, काही टालावरून यायचं, आणि बाकीचं यायचं मोळीवालीकडून. ती आमच्या दारात यायची ते मला चांगलं आठवतं. कोलाम पोडावरची बाई, बारीक, अनवाणी, डोक्यावर चुंबळ. उजाडायच्या आधी निघून नऊच्या सुमारास गावात पोचायची. मोळी भिंतीशी टेकवून उभी राहायची, आधी बसायचीही नाही. आबा बाहेर येऊन दोन-चार काटक्या मोडून पाहायचे. ओली काटकी कडकन मोडत नाही, वाकते. मग ती म्हणायची, "मालक, वली नाही जी, रातच्या दवानं भिजली." आणि आबा आत जाऊन पैसे आणायचे, कमी करून.

आबा वाईट माणूस होते असं कोणी समजू नये. ओल्या लाकडात पाणी असतं, आणि ते आधी उडवण्यात बरीच उष्णता वाया जाते, हे त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. पण पावसाळ्यात सुकं लाकूड ती आणणार कुठून?

ते लाकूड यायचं कुठून हीसुद्धा एक गोष्टच आहे, आणि ती आमच्या जिल्ह्याच्या इतिहासातली मोठी गोष्ट आहे. यवतमाळ म्हणजे सागाचं रान. सागाबरोबर धावडा, ऐन, तेंदू, मोह, सलई, पळस. सरपणाला धावडा सगळ्यांत चांगला. जड, सावकाश जळणारा, निखारा धरून ठेवणारा. १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. (आमचा जिल्हा तेव्हा वणीच्या नावाने ओळखला जायचा, यवतमाळ हे नाव १९०५ चं.) सुरुवातीच्या काळात आगगाड्यांच्या इंजिनांतही लाकूडच जाळत आणि रुळांखालचे स्लीपरही लाकडाचेच. सरकारला रानाची किंमत कळली ती अशी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जंगलं राखीव झाली, त्यांचे वर्ग पाडले गेले. कुठे इमारती लाकूड, कुठे गवताचा रमणा, कुठे चराई. रानात राहणाऱ्या माणसाला कालपर्यंत जे हाताने घेता येत होतं त्याला पास लागू लागला, आणि पास नसेल तर दंड.

१९३० साली गांधीजींनी मीठ उचललं तेव्हा वऱ्हाडापुढे अडचण उभी राहिली, कारण इथे समुद्र नाही. अकोल्याजवळ दहीहांड्याला विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ करून लोकांनी कायदा मोडला. पण इथल्या माणसाला रोज टोचणारा कायदा मिठाचा नव्हता, जंगलाचा होता. वणीचे लोकनायक बापूजी अणे यांनी ते बरोबर ओळखलं. १० जुलै १९३० रोजी पुसदला त्यांनी राखीव जंगलातलं गवत विळ्याने कापून जंगल सत्याग्रह केला आणि तुरुंगात गेले. त्याच महिन्यात यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या जंगलात डॉ. केशव बळीराम हेडगेवारांनीही सत्याग्रह केला आणि शिक्षा भोगली. हे लोण पुढे राज्यभर पसरलं. रायगडातल्या चिरनेरला २५ सप्टेंबरला गोळीबार झाला, त्यात माणसं मेली. पेंढीभर गवत आणि मोळीभर सरपण, यासाठी!

आमच्या घरातून त्या सत्याग्रहाला कोणी गेलं नव्हतं. उगाच बढाई नको. पणजोबा नोकरीवाले होते. बंब तेव्हाही घरी असणारच, आणि सत्याग्रहाच्या सकाळीही तो पेटला असणार.

स्वातंत्र्य आलं, पण राखीव जंगल राखीवच राहिलं. मोळीवालीच्या मागे फॉरेस्ट गार्ड असायचा. वाळलेलं पडीक लाकूड चालतं, उभं झाड तोडलं की गुन्हा, आणि यातलं काय कुठलं ते ठरवणार गार्ड. २००६ च्या वनहक्क कायद्यात 'निस्तार' हा जुना शब्द पुन्हा हक्क म्हणून आला. तोवर आमच्या दारात मोळी येणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती.

आणि रानात फक्त गार्ड नसतो. २०१६ ते २०१८ या काळात पांढरकवडा-राळेगाव भागात टी-१ वाघिणीची दहशत होती. अवनी म्हणून ती देशभर गाजली. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर लिहिले गेले. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ तिला गोळी घातली, त्यावर दिल्ली-मुंबईपर्यंत वाद झाले. वाघिणीला मारायला हवं होतं की नाही यात मी पडत नाही. पण त्या दोन वर्षांत त्या भागातल्या बायांना सरपणाला जाताना काय वाटत असेल, हे मोळी विकत घेणाऱ्या घरात वाढलेल्या माझ्यासारख्याला तेव्हा सुचलंही नव्हतं.

आता पऱ्हाटीकडे येऊ. कापूस वेचून झाला की उभी राहते ती पऱ्हाटी. फेब्रुवारी-मार्चमध्ये उपटायची, बैलगाडीने घरी आणायची आणि कोठ्याच्या बाजूला रचायची. आमच्या जिल्ह्यात कापसाचं वेड जुनं. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात तिकडचा कापूस अडला, मँचेस्टरच्या गिरण्या वऱ्हाडाकडे वळल्या आणि कापसाखालची जमीन वाढत गेली. रान मागे हटलं तसं सरपणही मागे हटलं, आणि त्या कापसानेच मग पऱ्हाटीच्या रूपाने थोडीफार भरपाई केली. बंबाला पऱ्हाटी फार सोयीची. बोटाएवढी जाड, हाताने मोडता येणारी, भडकन पेटणारी. पण भडकन विझणारीही. म्हणून बंबासमोर कोणीतरी बसून राहावं लागायचं. धावड्याची दोन लाकडं घालून उठता येतं, पऱ्हाटी घालून उठता येत नाही.

त्या पऱ्हाट्यांचे ढीगही आता नकोसे झालेत. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भाचा कापूस खाल्ला. ही अळी पऱ्हाटीवर राहिलेल्या वाळक्या बोंडांत दडून बसते आणि पुढच्या हंगामात बाहेर येते. म्हणून शेताजवळ पऱ्हाट्या साठवू नका असं कृषी खातं सांगतं. बरेच जण यंत्राने कुट्टी करून जमिनीत गाडतात. काही ठिकाणी पऱ्हाट्या दाबून त्यांच्या विटा करतात, त्याला पांढरा कोळसा म्हणतात आणि तो कारखान्यांच्या बॉयलरमध्ये जातो. म्हणजे पऱ्हाटी अजून पाणीच तापवते, फक्त मोठ्या बंबात.

आता मुख्य मुद्दा. बंबासमोर बसून राहणारं 'कोणीतरी' कोण होतं?

आधी आजी, मग आई. आई या घरात लग्न होऊन आली तेव्हापासून गिझर बसेपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षं, पहाटे पाचला बंब तिने पेटवला. यवतमाळ उंचावर आहे, हिवाळ्यात पहाटे पारा दहा-बारा अंशांवर उतरतो. आम्ही उठायचो ते आयत्या कढत पाण्याला. बंब आंगणात असल्याने धूर घरात येत नसे, याचा आम्हाला कोण अभिमान! पण पेटवणारीचं तोंड तर नळ्याशीच असायचं.

धुराचा हिशेब जगाने फार उशिरा मांडला. कर्क स्मिथ नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातमधल्या खेड्यांत गेले आणि चुलीसमोर बसणाऱ्या बायांच्या श्वासात किती धूर जातो ते मोजलं. तोवर धूर म्हणजे कारखान्यांचा, मोटारींचा. स्वयंपाकघराकडे कोणी पाहिलंच नव्हतं. घरगुती इंधनाच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. सरकारने १९८३ च्या सुमारास सुधारित चुलींचा कार्यक्रम काढला, २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली आणि गॅस खेड्यांत पोचला. बंबाला मात्र सुधारित असं काही आलं नाही. तो आपोआपच मागे पडला.

भाच्याने पाठवलेल्या त्या भट्टीचंही असंच आहे. कुतूहल म्हणून मी त्याला विचारलं आणि थोडं वाचलं. घराबाहेर लाकडाची भट्टी, तिच्याभोवती पाण्याचं कवच, आणि ते गरम पाणी जमिनीखालच्या नळांतून घरात फिरतं. त्याने सगळं घर उबदार राहतं आणि आंघोळीलाही पाणी मिळतं. कल्पना आपल्या बंबाचीच. पण आपला बंब तासाभरात भडकून विझतो. ती भट्टी रात्रभर धगधगत ठेवायची असते. घर पुरेसं गरम झालं की हवेची झडप मिटते आणि लाकूड जळण्याऐवजी धुमसत राहतं. धूर होतो तो तेव्हा, आणि चिमणी बुटकी म्हणून तो शेजाऱ्यांच्या खिडक्यांत शिरतो. तक्रारी इतक्या झाल्या की २०१५ मध्ये तिथल्या पर्यावरण खात्याने नव्या भट्ट्यांच्या धुरावर देशभर मर्यादा घातली आणि २०२० पासून ती आणखी कडक केली. तिकडे धुराची तक्रार शेजाऱ्यांनी केली म्हणून निदान ऐकली तरी गेली. आमच्याकडे धूर घरच्याच बाईच्या डोळ्यांत जायचा. तिने तक्रार करायची कोणाकडे?

गेली काही वर्षं आईला पायऱ्या चढताना धाप लागते. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "चुलीवर स्वयंपाक केलाय का?" ती म्हणाली, "चूल थोडी वर्षं. बंब पुष्कळ." डॉक्टर तरुण होते. त्यांना बंब म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. आई सांगत होती आणि मी बाजूला बसून ऐकत होतो. काटक्या कशा मोडायच्या, रॉकेलचा बोळा कसा ठेवायचा, पावसाळ्यात ओल्या पऱ्हाटीने डोळे कसे चुरचुरायचे. डॉक्टरांनी धुराचा संबंध असू शकतो म्हटलं, त्याहून जास्त ते बोलले नाहीत, आणि मीही जास्त म्हणणार नाही.

घरी आल्यावर काही दिवसांनी मागच्या आंगणात फरशी घालायचा विषय निघाला. बंब तिथेच कोपऱ्यात होता, नळ्याला भोक पडलेला, पोटात क्षारांचे थर साचलेले. मी म्हटलं, दुरुस्त करून ठेवू या, आठवण आहे. पुण्यात लोक हजारो रुपये देऊन जुने बंब शोभेला घेतात.

आई म्हणाली, "ठेवून का करतो त्याचं?"

मी आपला आठवणी सांगू लागलो. दिवाळी, झेंडूची माळ, भाजलेले बटाटे. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्हाले तेवढंच आठवन. तुम्ही उठायचे तवा पाणी तापून राह्यचं. मले तो दिसला का पहाटेचे पाच वाजल्यासारखे वाटते. काढून टाक बापा."

यावर मी काय बोलणार?

दुसऱ्या रविवारी मोडवाला आला. त्याने जाळी आणि पाय वेगळे काढले, लोखंडाचा भाव वेगळा. तांबं भरलं साडेअकरा किलो. आई ओट्यावर बसून पाहत होती. तो बंब आडवा करून गाडीवर चढवताना आतून मूठभर राख फरशीवर सांडली. आई उठली, झाडू आणला, राख भरली आणि तुळशीत टाकली. "चांगली राख आहे, धावड्याची असन," एवढंच म्हणाली. गिझर बसून वीस वर्षं झाली. ती राख कधीची आणि कोणत्या लाकडाची, कोणी सांगावं?

पैसे मी तिच्या हातात दिले. तिने ते मोजले आणि विचारलं, "ते मोळीवाली कुठली होती रे?"

मी वह्या पुन्हा काढल्या. आबांनी सगळं लिहून ठेवलंय. किराणेवाल्याचं नाव, शिंप्याचं नाव, दूधवाल्याचं नाव, टालवाल्याचं नाव. वर्षानुवर्षं आमच्या दारात जिच्या डोक्यावरून लाकूड आलं, तिच्यापुढे फक्त 'मोळी'. नाव नाही, गाव नाही. आईलाही आठवेना. "आम्ही तिले मोळीवालीच म्हणत होतो," ती म्हणाली आणि गप्प झाली. ते पैसे अजून देव्हाऱ्यातल्या डब्यात तसेच आहेत.

असो. दादा, हा खुलासा मुख्यतः तुझ्यासाठी. तुझा राग मला समजतो. बंब तुझाही होता, विचारायला हवं होतं, ते चुकलं. पण पुण्याच्या हॉलमध्ये आत दिवा लावलेला बंब ठेवला असता तर आई तुझ्याकडे आल्यावर तिला रोज तो पाहावा लागला असता. वह्या मात्र मी टाकलेल्या नाहीत. पुढच्या खेपेला येशील तेव्हा घेऊन बसू.

आणि भाचेबुवा, त्या शेजाऱ्यांच्या भट्टीत लाकूड कोण घालतं, पहाटे उठून कोण पाहतं, ते एकदा विचारून कळव. आईने विचारायला सांगितलंय.

तुमच्याकडे बंब असेल, किंवा होता असेल, तर जरूर लिहा. तो पेटवायचं कोण आणि लाकूड आणायचं कोण, तेही लिहा. आणि नाव माहीत असेल तर नावानिशी लिहा.